मुठीवरचे बदाम

व्हर्लिन स्टॅम्परने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला, त्यावर आपलं पिस्तूल ठेवलं आणि चष्मा शोधायला लागला. चष्मा काही सापडेना. शहाण्या माणसाने इथेच थांबायचं असतं. पण शहाणा माणूस मुळात बायको बाहेर गेल्याची संधी साधून, तिच्या टेबलावर, तिच्याच हत्याराने पिस्तुलाची मूठ भाजायला बसेलच कशाला?

त्याचं दुखणं असं होतं की मूठ घसरायची. टेनेसीतला जुलै म्हणजे सकाळी अंग पुसून बाहेर पडावं आणि गाडीपर्यंत पोचेतो परत भिजावं. हाताला घाम सुटला की ती गुळगुळीत प्लॅस्टिकची मूठ हातात साबणाच्या वडीसारखी फिरायची. एरवी त्याने व्हर्लिनचं काही अडत नव्हतं. तो शाळेची बस चालवायचा, आणि सध्या शाळा बंद होती. पण गावाबाहेरच्या क्लबात दर महिन्याला नेमबाजीची स्पर्धा व्हायची, आणि तिथे लॉनी पहिला यायचा.

लॉनी म्हणजे व्हर्लिनचा मेहुणा, ग्लेंडाचा धाकटा भाऊ. तो पहिला येतो याचं व्हर्लिनला दुःख नव्हतं असं तो स्वतः सगळ्यांना सांगायचा. खरं दुःख त्यानंतर असायचं. क्लबाची पद्धत अशी की जो जिंकेल त्याने आपलं पिस्तूल रिकामं करून, उघडं करून जेवणाच्या टेबलावर ठेवायचं, आणि मग झाडून सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, ते उचलून निरखून बघायचं. गेली कित्येक वर्षं त्या टेबलावर लॉनीचंच पिस्तूल पडलेलं असायचं. व्हर्लिन ते उचलायचा, "छान आहे," म्हणायचा आणि परत ठेवायचा.

"दाजी, तुमचा नेम वाईट नाहीये," मागच्या खेपेला लॉनी सगळ्यांसमोर म्हणाला होता. "मूठ वाईट आहे. टोचे मारून खरखरीत करून घ्या ना तिला. गरम टोकाने टुक टुक करायचं, बस. शेंबडं पोर करेल."

व्हर्लिन आधी रीतसर हॉयटकडे गेला होता. हॉयट गावातला बंदुका दुरुस्त करणारा, वयाने मोठा आणि बोलायला महाग. त्याने पिस्तुलाकडे बघितलंसुद्धा नाही. "ठेवून जा. हरणांच्या शिकारीच्या आधी देतो." म्हणजे नोव्हेंबर. स्पर्धा येत्या शनिवारी होती.

म्हणून मग गुरुवारी, ग्लेंडा चर्चच्या विक्रीची तयारी करायला गेल्यावर, व्हर्लिनने तिची विजेची लेखणी काढली. ग्लेंडा त्या लेखणीने लाकडाच्या पाट्यांवर अक्षरं आणि वेलबुट्टी जाळायची. लेखणीबरोबर पितळी टोकांची एक डबी होती. त्यातलं अणकुचीदार टोक त्याला दिसलं नाही. चष्मा नसताना त्याला तशीही कुठली टोकं धड दिसत नव्हती. त्याने बोटाने चाचपून, त्यातल्या त्यात टोचणारं वाटलं ते एक उचललं आणि लेखणीला बसवलं.

पिस्तूल रिकामं आहे हे त्याने दोनदा बघितलं, वरचा लोखंडी भाग उतरवून बाजूला ठेवला, गोळ्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या. या बाबतीत व्हर्लिन फार काटेकोर होता. बाकी सगळ्या बाबतीत तो व्हर्लिन होता.

काम मात्र झकास जमलं. पाट्याला टाकी लावतात तसं तो ओळीने टुक टुक करत गेला. एक बाजू झाली, दुसरी झाली, मग मागची, मग पुढची, जिथे बोटं येतात ती. मध्येच छताला लावलेलं, धूर झाला की वाजणारं यंत्र बोंबलायला लागलं. त्याने खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढली, खाली उतरला आणि परत कामाला लागला. घरात धूर मावत नव्हता आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास पडद्यांत शिरला होता, पण कलाकाराला असल्या गोष्टी दिसत नाहीत. शेवटी त्याने मूठ हातात घट्ट धरून बघितली. अशी बसली की वा. घाम आलेला हात मुद्दाम लावला, तरी हलेना. आपण हॉयटच्या दुकानासमोर दुकान टाकावं असंसुद्धा एक क्षण त्याच्या मनात येऊन गेलं.

मग त्याला चहाची तलफ आली. गार गोड चहा घ्यायला तो फ्रीजकडे गेला आणि वर, ब्रेडच्या मागे, चष्मा सापडला. चष्मा डोळ्यांवर चढवून, हातात चहाचा ग्लास घेऊन, तो आपली कलाकृती बघायला टेबलाशी आला.

बदाम होते. पत्त्यांत असतात तसे बदाम. इवले इवले, गुटगुटीत, एकाशेजारी एक, ओळीने, मुठीच्या चारी बाजूंना. एकसुद्धा वाकडा नव्हता. चष्मा नसतानाही व्हर्लिनचा हात इतका स्थिर होता, हे त्याचं दुर्दैव.

त्याने चहा खाली ठेवला आणि हॉयटला फोन लावला.

"हॉयट, या पिस्तुलाचं खालचं प्लॅस्टिक वेगळं मिळतं का हो? नुसतं प्लॅस्टिक."

"कशाला?"

"असंच. माहिती म्हणून."

"भाजलंस वाटतं."

"थोडंसं."

"ते प्लॅस्टिक म्हणजेच पिस्तूल, व्हर्लिन."

"म्हणजे?"

"कायद्याने. नंबर कशावर असतो? खालच्या प्लॅस्टिकवर. नळी, स्प्रिंग, वरचं लोखंड, हे सगळे सुटे भाग. उद्या घरपोच मागव, कोणी विचारणार नाही. पण ते प्लॅस्टिक बदलायचं म्हणजे अख्खं दुसरं पिस्तूल घेतल्यासारखं. दुकानात ये, तुझी चौकशी होईल, सगळं रीतसर."

"म्हणजे ज्यातून गोळी सुटते ते पिस्तूल नाही, आणि मी ज्याला धरतो ते पिस्तूल?"

"हो."

"हा कायदा कुणी केला?"

"मला विचारून नाही केला," हॉयट म्हणाला. "किती खराब झालंय?"

"खराब नाही झालं. जरा नक्षीदार झालंय."

"मग अणकुचीदार टोकाने वरून परत टोचे मार. जे काय असेल ते पुसलं जाईल. पण बेताने, तिथे प्लॅस्टिक पातळ असतं."

व्हर्लिनच्या जिवात जीव आला. अणकुचीदार टोक कुठेतरी असणारच. त्याने ड्रॉवर उपसले, शिवणाचा डबा पालथा घातला, आणि शेवटी ओट्याखालच्या कपाटात डोकं घातलं, तेव्हा मागून आवाज आला.

"घर का जळतंय?"

ग्लेंडा दारात उभी होती. ती ओरडायची नाही कधी. तिला ओरडावं लागत नसे.

"जळत नाहीये गं. जरा काम करत होतो."

"माझ्या लेखणीने?"

व्हर्लिनने टेबलावरच्या लेखणीकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच कुणीतरी तिथे आणून ठेवली. ग्लेंडा धुरातून वाट काढत टेबलाशी आली. तिने तो प्लॅस्टिकचा सांगाडा उचलला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. व्हर्लिन बोलणी खायची तयारी करून उभा राहिला. लेखणीवरून, टेबलावरून, पडद्यांवरून आणि शिवणाच्या डब्यावरून, अशी चार तरी प्रकरणं उघड्यावर पडलेली होती.

ग्लेंडाने तोंड वळवलं तर तिचे डोळे पाण्याने भरलेले.

"बदाम," ती म्हणाली.

"हो. म्हणजे ते काय झालं..."

"सगळीकडे बदाम." तिने डोळे पुसले. "शनिवारी आपल्या लग्नाला तीस वर्षं होतात. आणि तू इथे एकटा बसून बदाम काढत होतास."

व्हर्लिनच्या डोक्यात शनिवार म्हणजे स्पर्धा होती. त्या शनिवारात आणखी काही असेल याची त्याला गंधवार्ता नव्हती. खरं सांगून टाकायला फार तर अर्धा सेकंद मिळतो, आणि व्हर्लिनचा तो अर्धा सेकंद तोंड उघडं टाकण्यात गेला.

"आवडलं?" तो म्हणाला.

"असलं माझ्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं," ग्लेंडा म्हणाली. "शनिवारी हेच नेशील ना?"

"दुसरं कुठलं आहे माझ्याकडे?"

"मग लपवू नकोस. बघू दे सगळ्यांना."

झालं. पुसायचा मार्ग बंद झाला. ज्या बदामांनी बायकोच्या डोळ्यांत पाणी आणलं, ते तिच्याच लेखणीने खरवडायला बसायचं म्हणजे माणूस फार निगरगट्ट लागतो, आणि व्हर्लिन नुसताच वेंधळा होता.

त्याच्या मनाला इतकं लागलं की संध्याकाळी त्याने न सांगता भांडी घासली. शुक्रवारी शिडी लावून छपराची पन्हळ साफ केली. ग्लेंडाने प्रेमाने बघितलं की याला आणखी एक काम सुचायचं. मध्येच त्याला वाटलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मुठीवर चढवावा, म्हणजे मोडतोडही नाही आणि दिसणारही नाही. खूप जण करतात तसं. त्याने तुकडा कापला, पावडर लावून चढवलाही.

"हे काय?" ग्लेंडाने विचारलं.

"पकड बसावी म्हणून."

"बदाम झाकले की रे. लाज वाटते का तुला?"

"लाज कसली त्यात," व्हर्लिन म्हणाला आणि ट्यूब काढली. ती काढताना अर्ध्यात अडकली, तेव्हा त्याने जे शब्द वापरले ते चर्चच्या पाट्यांवर लिहिण्यातले नव्हते.

शनिवारी ऊन मरणाचं होतं. सगळे गंजिफ्रॉकांत वावरत होते, आणि व्हर्लिन लांब बाह्यांचा, गुडघ्यांकडे झुकलेला, बाहेर सोडलेला शर्ट घालून फिरत होता. कमरेच्या म्यानातून पिस्तुलाची मूठ बाहेर दिसते ना, त्यावर शर्टाचं टोक यायला हवं होतं. मैदानावर स्वतःची पाळी आल्याशिवाय पिस्तुलाला हात लावायचा नाही हा नियम, त्यामुळे हाताने झाकायचीही सोय नव्हती.

"काय दाजी, थंडी वाजते का?" लॉनीने विचारलं.

"ऊन बाधतं मला."

"कधीपासून?"

"कालपासून."

ग्लेंडा कुंपणापाशी खुर्ची टाकून, लॉनीच्या बायकोशेजारी, रेएटशेजारी, पंख्याने वारा घेत बसली होती. व्हर्लिनने तिची खुर्ची स्वतः उचलून आणली होती, हे रेएटने बघितलं आणि लॉनीकडे एक कटाक्ष टाकला.

स्पर्धेचं काम हॉयट बघत होता. पाळी संपली की पिस्तूल रिकामं करून त्याला दाखवायचं असतं. पहिल्या फेरीनंतर व्हर्लिनने दाखवलं. हॉयट वाकला, आत बघितलं, मग त्याची नजर खाली मुठीवर गेली आणि तिथेच राहिली. मग त्याने व्हर्लिनच्या तोंडाकडे बघितलं. मग परत मुठीकडे.

"रिकामं आहे," हॉयट म्हणाला. पुढच्या फेरीलाही तो एवढंच म्हणाला, पण तेव्हा त्याने आधी घसा खाकरला.

आणि या सगळ्यात वैतागाची गोष्ट अशी की व्हर्लिन आयुष्यात पहिल्यांदा भन्नाट मारत होता. मूठ हातात रुतून बसली होती. घामाच्या धारा लागल्या होत्या तरी ती तसूभर हलत नव्हती. निशाणाच्या लोखंडी तबकड्या धडाधड पडत होत्या. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरला ते हातातोंडाशी आलं, आणि आलं ते असं. शेवटच्या फेरीआधी हॉयटने सांगितलं की व्हर्लिन पुढे आहे, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि व्हर्लिनने शर्टाचं टोक आणखी खाली ओढलं.

जिंकलं की पिस्तूल टेबलावर. टेबलावर म्हणजे सगळ्यांच्या हातात. त्याने सरळ हिशेब मांडला. दोन तबकड्या सोडून द्यायच्या. घाम डोळ्यांत गेला म्हणायचं. लॉनी जिंकेल, सगळे त्याचं पिस्तूल बघतील, आपण "छान आहे" म्हणू आणि घरी जाऊ. तो रेषेवर उभा राहिला. कुंपणाकडे नजर गेली तर ग्लेंडा वारा घ्यायचं थांबवून, पंखा मांडीवर ठेवून, नुसती बघत होती.

त्याने एकही तबकडी सोडली नाही.

जेवणाच्या टेबलावर डुकराच्या मटणाचे सँडविच आणि कोबीची कोशिंबीर मांडली होती. मध्ये जागा करून व्हर्लिनने पिस्तूल ठेवलं, मोठ्या माणसाला कबरीत ठेवावं तसं, आणि दोन पावलं मागे सरकला. रिवाजाप्रमाणे पहिल्यांदा लॉनीने उचललं. त्याचा चेहरा हरलेल्या माणसाचा होता. मग हळूहळू तो बदलत गेला.

"हे काय आहे?" लॉनी म्हणाला. "दाजी, हे बदाम आहेत?"

टेबलाभोवती माणसं गोळा झाली. कुणीतरी फसकन हसलं. लॉनीने मूठ बोटाने चाचपली, जवळ नेली, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नेमका तेव्हाच पडला. एरवी त्याच्या डोक्यात काही पडायला आठवडा लागायचा.

"थांबा, थांबा. ताईच्या डबीत बदामाच्या आकाराचं टोक आहे. मीच नाताळात दिलीय ती डबी. तुम्ही चुकून ते लावलं. चष्मा न लावता बसला असणार." तो आता हसून हसून बेजार झाला होता. "खरं सांगा ना दाजी. चुकून झालं ना?"

सगळे व्हर्लिनकडे बघत होते. सुटका समोर तयार ठेवली होती. "हो रे बाबा, चष्मा नव्हता," एवढं म्हटलं असतं तर चार जण हसले असते, पाठीवर थाप मारली असती आणि सगळे सँडविचकडे वळले असते. ग्लेंडा टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती नुसती वाट बघत होती.

"चुकून कशाला होईल?" व्हर्लिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "एकेक करून काढलेत. आज आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. तुझ्या ताईसाठी काढलेत."

कुणी हसलं नाही. हॉयटने टोपी काढून परत घातली.

"लॉनी," रेएट म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला तू मला काय दिलं होतंस रे? सांग ना सगळ्यांना."

"आत्ता ते कशाला?"

"सांग तर."

"गाडीचा जॅक," लॉनी म्हणाला.

"आणि तो असतो कुठे?"

"माझ्या गाडीत."

रेएटने त्याच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं आणि शेजारच्या बाईला दाखवायला नेलं. त्यानंतर ते बराच वेळ बायकांमध्येच फिरत होतं. पुरुष मंडळी सँडविच खात होती, आणि त्यांतले काही जण व्हर्लिनकडे असं बघत होते, जणू याने आपलं काहीतरी चोरलंय.

परतीच्या वाटेवर गाडीच्या काचा खाली केल्या होत्या. व्हर्लिनने एकदाचा तो शर्ट काढून मागे फेकला होता.

"मला वाटलं होतं, तू खरं सांगशील," ग्लेंडा म्हणाली.

"कसलं खरं?"

"लॉनीने सांगितलं तेच."

व्हर्लिनचा पाय आपोआप उचलला गेला आणि गाडी मंदावली. "तुला माहीत होतं?"

"माझ्या डबीत काय आहे ते मला माहीत नसेल? आणि तीस वर्षं झाली, व्हर्लिन. तुला फुलं आणायला पाठवलं तर तू खताचं पोतं घेऊन येतोस. तू बदाम काढणार होतास होय?"

"पण तू रडलीस. खिडकीपाशी. मी बघितलं ना."

"घरभर प्लॅस्टिकचा धूर होता. डोळ्यांतून पाणी येणार नाही तर काय येणार?"

व्हर्लिनला सगळं एकदमच सुचलं. "म्हणजे गुरुवारीच मला ते पुसता आलं असतं."

"हो की."

"मी पन्हळ साफ केली, ग्लेंडा. भर उन्हात शिडीवर चढून. ती ट्यूब काढताना माझं नख मोडलं. लांब बाह्यांचा शर्ट घालून मी दिवसभर मेलो. तू एक शब्द बोलली नाहीस?"

"लग्नाचा वाढदिवस विसरला होतास. म्हटलं, जरा मिरवू दे."

"घरी गेल्या गेल्या ते सगळं खरवडून टाकतो," व्हर्लिन म्हणाला. "एक बदाम ठेवत नाही. अणकुचीदार टोक सापडलं नाही तर उद्या हॉयटकडून आणतो."

ग्लेंडा बाहेर बघत होती. वळणावर उजवीकडून गाडी येतेय का ते बघायला व्हर्लिनने मान वळवली, तेव्हा त्याला तिचे डोळे दिसले. पाण्याने भरलेले. काचा उघड्या होत्या, वारा भणाणत होता आणि धूर तर कुठेच नव्हता.

दोन टेकड्या मागे पडल्या.

"तशी पकड चांगली बसते त्याने," तो म्हणाला.

"बसते ना," ग्लेंडा म्हणाली.